चष्मेवाले डॉक्टर नेमके कोण? आमच्या डायलिसिस युनिटमधला ओळखीचा घोळ

मी इंदूरच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये पेशंट को-ऑर्डिनेटर आहे, म्हणजे ज्या कामाला दुसरं कुणी सापडत नाही ते माझं काम. खालचं प्रकरण आमच्या डायलिसिस युनिटमधलं आहे. नावं कुणाचीच देत नाहीये, काही तपशील मुद्दाम बदललेत. पेशंटच्या घरच्यांना विचारून लिहितेय, आजी तर बोलल्या की लिही बाई, तेवढंच कुणाच्या कामी येईल.

पार्श्वभूमी

युनिट लहान आहे, दहा मशीन. सकाळी सहाची पहिली शिफ्ट, अकराची दुसरी, चारची तिसरी. पेशंट राजेंद्र नगर, सुदामा नगर असे गावातले असतात तसेच देवास, धार, खरगोनकडूनही येतात, त्यामुळे हॉलमध्ये हिंदी, मराठी, माळवी, निमाडी सगळं एकदम चालू असतं.

स्टाफ किती प्रकारचा असतो हे बाहेरच्याला कळणं अवघडच आहे. नेफ्रॉलॉजिस्ट म्हणजे किडनीचे डॉक्टर दोन, एक सर रोजचे आणि एक मॅडम आठवड्यातून तीन दिवस. ड्यूटी डॉक्टर म्हणजे आरएमओ, दिवसाचे वेगळे, रात्रीचे वेगळे. टेक्नीशियन सहा. नर्सेस, त्यात एक ब्रदर. डाएटिशियन, जी अख्ख्या हॉस्पिटलला एकच आहे. वॉर्डबॉय आणि बाई. आणि कोविडनंतर झालंय काय की सगळेच निळ्या स्क्रबमध्ये आणि मास्कमध्ये, नुसते डोळे दिसतात. गळ्यात आयकार्ड असतं पण ते निम्म्या वेळा उलटं फिरलेलं आणि सुलटं असलं तरी त्यावर हॉस्पिटलचा लोगो मोठा आणि माणसाचं नाव मुंगीएवढं.

मग पेशंट आपापलं गणित लावतात. पुरुष असेल आणि चष्मा असेल तर डॉक्टरसाब, बाई असेल तर सिस्टर. आमच्या मॅडम साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन वर्षं एमडी आणि वर तीन वर्षं डीएम करून आल्यात, त्यांना रोज कुणीतरी म्हणतंच, सिस्टर जरा एसी कमी करा ना, थंडी वाजतेय. त्या काही न बोलता एसी कमी करतात. ब्रदरला मात्र कुणी नर्स समजतच नाही, तो आपला छोटे डॉक्टर.

अजून एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढे सगळं तिथेच येऊन अडतं. आठवड्यातून दोनदा, चार-चार तास डायलिसिस म्हणजे वर्षाला चारशेच्या वर तास पेशंट त्या खुर्चीत असतो. या चारशे तासांत त्याच्याजवळ असतो टेक्नीशियन. हाताच्या फिस्टुलात (डायलिसिससाठी ऑपरेशन करून जोडलेल्या रक्तवाहिनीत) दोन जाड सुया तोच टोचतो, मिनिटाला अडीचशे-तीनशे मिली रक्त बाहेर जाऊन परत येतं त्यावर तोच नजर ठेवतो, बीपी पडलं की पाय वर करायला तोच धावतो. नेफ्रॉलॉजिस्टचा राउंड एका पेशंटपाशी दोन-चार मिनिटांचा. मग पेशंट मनातला प्रश्न कुणाला विचारणार, सांगा.

काय झालं

आजी 68 वर्षांच्या, मंगळवार-शुक्रवारच्या, युनिटला येऊन जेमतेम दीड महिना झालेला. सोबत मुलगा यायचा, त्याला दादा म्हणू. दादाची वही होती, प्रत्येक वेळी वजन आधी-नंतर, बीपी, औषधं सगळं लिहायचा, म्हणजे निष्काळजी घर अजिबात नाही.

मे महिन्यातला एक शुक्रवार. आजींचं बीपी डायलिसिस चालू असताना थोडं खाली आलं. दादाने विचारलं, असं का होतं? उत्तर आलं की सकाळची बीपीची गोळी घेऊन येता ना, म्हणून होतं, गोळी नका देत जाऊ. दादाने वहीत लिहिलं, “डॉ. नी बीपीची गोळी बंद सांगितली.” बंद. कुठल्या दिवशी, किती दिवस, काही नाही.

रविवारी घरात नातवाची मुंज होती. आजींनी ताक घेतलं, पन्हं घेतलं, उन्हाळ्यात मुंजघरी कोण कुणाला मोजून पाणी देतंय. शुक्रवार ते मंगळवार हा आठवड्यातला मोठा गॅप, अंगात पाणी साठत जातं. सोमवारी पहाटे तीनला आजींना आडवं पडता येईना, बसल्या तरी धाप. कॅज्युअल्टीत आणलं तेव्हा बीपी 200 च्या वर आणि फुफ्फुसात पाणी. रात्रीच्या टेक्नीशियनला घरून बोलावून तातडीने डायलिसिस केलं, पाणी काढलं, संध्याकाळपर्यंत आजी चहा मागायला लागल्या. (मोजून अर्धा कप मिळाला.)

सर म्हणाले गोळी बंद झाली म्हणूनच हे झालं असं म्हणता येणार नाही, पाणीही खूप झालं होतं. पण गोळी बंद कुणी केली? सर म्हणाले मी नाही. मॅडम त्या दिवशी नव्हत्याच. आरएमओंच्या नोंदीत काही नाही. दादा वही घेऊन उभा, आवाज चढलेला, “मोठ्या डॉक्टरांनीच सांगितलं, माझ्यासमोर!” कोणते डॉक्टर? “ते उंच, चष्मेवाले, निळ्या ड्रेसमधले.”

आमच्याकडे उंच, चष्मेवाले, निळ्या ड्रेसमधले चार जण आहेत.

शोध, आणि माझी चूक

ड्यूटी रजिस्टर बघून कळलं की तो आमचा सगळ्यात जुना टेक्नीशियन होता. मी त्याला विचारलं तर तो सरळ म्हणाला, हो मीच बोललो, पण मी डायलिसिसच्या दिवशी सकाळची गोळी म्हणालो होतो. त्याचंही खोटं नसणार. ज्यांचं बीपी मशीनवर वारंवार पडतं अशा काही पेशंटना सर तसं सांगतातच, ती सूचना त्याने शंभरदा ऐकलेली, तीच तोंडात आली. आजींना ती सूचना कधीच दिलेली नव्हती. आणि तो डॉक्टर नाही हे दादाला दीड महिन्यात कुणी सांगितलं नव्हतं. त्यानेही नाही. लोक डॉक्टरसाब म्हणतात, आधी आधी तो सांगायचा की मी डॉक्टर नाही, मग सांगून सांगून कंटाळला असं त्याचंच म्हणणं. मला ते पटलं. थोडं सुखावतही असेल, माणूस आहे.

इथे मी पहिली चूक केली. मॅनेजमेंटने सांगितलं म्हणून त्याच्याकडून लेखी खुलासा मागितला आणि तो कागद सगळ्यांसमोर, स्टेशनवरच, त्याच्या हातात दिला. दुसऱ्या दिवसापासून सहाच्या सहा टेक्नीशियननी तोंडं शिवली. पेशंटने विचारलं आज किती पाणी काढणार, तर उत्तर, डॉक्टरांना विचारा. सुई दुखतेय हो, तर डॉक्टरांना विचारा. हॉल एकदम शांत, नुसत्या मशीनच्या बीप. ज्या माणसाशी पेशंट सगळ्यात जास्त बोलतात त्यालाच आम्ही गप्प केलं. खरंतर प्रश्न तो बोलला हा नव्हताच, तो कोण म्हणून बोलतोय हे ऐकणाऱ्याला माहीत नव्हतं हा होता. हे मला कळायला तीन आठवडे लागले, तेही एका खरगोनच्या काकांनी विचारलं तेव्हा, “मॅडम, यहां किसी की गमी हो गई क्या?” म्हणजे इथे कुणी वारलं का.

काय काय करता आलं असतं

मीटिंग बसली. सर, मॅडम, नर्सिंग इन्चार्ज, मार्केटिंगचा मुलगा, मी. टेक्नीशियन कुणीच नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

मार्केटिंगचं म्हणणं वेबसाइटवर टीमचं पान करू, फोटो, डिग्र्या, किती वर्षांचा अनुभव. छान होईल, पण धारहून पहाटे साडेतीनला निघून येणारा माणूस वेबसाइट बघून येतो का? आणि त्या पानावर फक्त दोघं नेफ्रॉलॉजिस्टच असणार होते, ज्यांच्याबद्दल घोळ नव्हताच.

इन्चार्ज म्हणाल्या स्क्रबचे रंग वेगळे करा. डॉक्टर हिरवे, नर्स निळ्या, टेक्नीशियन मरून. चांगला उपाय होता, पैशांवर अडला, आणि दुसरं म्हणजे रंगाचा अर्थ पेशंटला परत शिकवावाच लागतो.

मी कुठेतरी वाचलेलं सांगितलं, इंग्लंडमध्ये केट ग्रेंजर नावाच्या एक डॉक्टर होत्या, वृद्धांच्या. त्यांना स्वतःलाच कॅन्सर झाला, 2013 मध्ये ॲडमिट असताना त्यांना जाणवलं की येणारे-जाणारे आपलं नावच सांगत नाहीयेत, म्हणून त्यांनी “हॅलो, माझं नाव अमुक” एवढ्या एका वाक्याची मोहीम सुरू केली. 2016 मध्ये त्या गेल्या, 34 वर्षांच्या होत्या. सगळे दोन मिनिटं गप्प झाले आणि मग मार्केटिंगचा मुलगा म्हणाला, तर मग फोटोंचा बोर्ड करायचा ना?

मॅडमनी एक मुद्दा काढला तो मात्र चपखल होता. म्हणाल्या, खालच्या मजल्यावर ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, जाऊन बघा. डब्ल्यूएचओची सर्जरीची चेकलिस्ट 2008 सालची, त्यात चीर देण्याआधी टीममधल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं असतं, तिथे तर पेशंट बेशुद्ध असतो! इथे पेशंट टक्क जागा, आणि आपण त्याच्या हातात सुई घालतो न सांगता की आपण कोण. ओटीत ती टिक कधीकधी नुसती कागदावरच होते हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे, पण ते असो.

आणि हे नुसतं सौजन्य नाहीये. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने पेशंटच्या हक्कांची सनद केली, सतरा हक्कांची, 2018 मध्ये आरोग्य मंत्रालयाने तिचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी ठेवला होता. त्यात माहितीच्या हक्कात लिहिलंय की उपचार करणारे कोण आहेत, त्यांची व्यावसायिक पात्रता काय आणि मुख्य जबाबदारी कोणत्या डॉक्टरची हे पेशंटला कळलं पाहिजे. आमच्याकडे हक्कांचा बोर्ड रिसेप्शनला फ्रेम करून लावलेला आहे, सोफ्याच्या मागे.

काय केलं

तीन गोष्टी ठरल्या. वेटिंगमध्ये फोटोंचा बोर्ड, घरी न्यायला एक कागद, आणि सुई लावण्याआधी टेक्नीशियनने नाव आणि काम सांगणं.

बोर्डावरून जे रामायण झालं ते सांगते. आधी क्रम. सर वर, मॅडम खाली, का? मग दोघं शेजारी, पण आधी कुणाचं? हे मिटेपर्यंत टेक्नीशियनचे फोटो लावायचे की नाही यावर अडलं, कारण अकाउंट्समधल्या साहेबांचं मत की ते सोडून जातात, परत परत प्रिंटिंगचा खर्च. मग दोन नर्सेस आल्या, म्हणाल्या आम्ही फोटो देणार नाही. एकीला एका नातेवाइकाने बॅजवरचं पूर्ण नाव शोधून फेसबुकवर मेसेज केले होते, रात्री अकराला. त्यांचं बरोबरच होतं. आडनावाचा अजून एक त्रास म्हणजे काही पेशंट आडनाव वाचून पुढचे प्रश्न विचारतात, कुठले तुम्ही, कोणत्यातले, आणि एकाने तर आडनाव कळल्यावर टेक्नीशियन बदलून मागितला होता. म्हणून ठरलं की बोर्डावर सगळ्यांचं नुसतं पहिलं नाव आणि काम. डॉक्टरांचं मात्र पूर्ण नाव, डिग्री आणि रजिस्ट्रेशन नंबर. फोटो ज्याला द्यायचाय त्याचाच.

आजींना नमुना दाखवला तेव्हा त्या चष्मा वर-खाली करून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “भिंतीवर असे ओळीने फोटो बघितले की हार कुठेय असंच वाटतं गं.” मग फोटो गोल न करता उभे-आडवे, हसरे, घरच्यासारखे घेतले.

सगळ्यात अवघड चौकट रात्रीच्या ड्यूटी डॉक्टरची. बऱ्याच खाजगी हॉस्पिटलांत रात्रीचे आरएमओ बीएएमएस किंवा बीएचएमएस, म्हणजे आयुर्वेद किंवा होमिओपॅथीची डिग्री घेतलेले असतात, आमचेही एक बीएएमएस आहेत, अनुभवी आहेत, पहाटे तीनला आजींना त्यांनीच सांभाळलं. मॅनेजमेंट म्हणे नुसतं “ड्यूटी डॉक्टर” लिहा, डिग्री नको, उगीच प्रश्न येतील. मी म्हणाले दिवसाच्यांची लिहायची आणि रात्रीच्यांची नाही म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणंच झालं, आणि प्रश्न आले तर येऊ द्या, त्यासाठीच तर बोर्ड आहे. ते डॉक्टर स्वतः म्हणाले लिहा की, मला कसली लाज. तरी निर्णय झाला नाही.

कागद मात्र झाला, आणि त्याचा मला अभिमान आहे. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, नेफ्रॉलॉजिस्ट, मूत्रपिंडविकारतज्ज्ञ, डायलिसिस तंत्रज्ञ वगैरे. दादाला वाचायला दिला, तो म्हणाला ताई, तंत्रज्ञ म्हणजे मशीन दुरुस्त करायला येतात ते का? मग अख्खा कागद उलटा लिहिला, माणसापासून नाही, प्रश्नापासून. गोळी चालू-बंद-कमी-जास्त करायचीय, फक्त नेफ्रॉलॉजिस्ट, आणि ते फाइलमध्ये लिहितील, लिहिलं नसेल तर बदल झाला नाही असं समजा. सुई दुखतेय, फिस्टुलाच्या हाताला सूज आहे, मशीनवर गरगरतंय, टेक्नीशियन भैया किंवा ताई, लगेच. आंबा खाऊ का, नारळपाणी पिऊ का, डाएटिशियन, बुधवारी दुपारी येतात. आयुष्मान कार्डाचा कागद अडलाय, मी. रात्री धाप लागली, कुणाला विचारत बसू नका, सरळ कॅज्युअल्टी. एक बाजू हिंदी, एक बाजू मराठी, अक्षर मोठं, कारण डायलिसिसच्या निम्म्या पेशंटना शुगर आहे आणि नजर कमी.

टेक्नीशियनचं वाक्य त्यांनीच बसवलं, यावेळी मी त्यांना घेऊन बसले, समोसे मागवले, त्या खुलाशाच्या कागदाबद्दल माफीही मागितली. जुना टेक्नीशियन आधी भिंतीकडे बघत होता, मग म्हणाला, नाव सांगायला काही नाही, पण मी डॉक्टर नाही असं म्हणायचं म्हणजे आपणच आपली किंमत कमी करायची का? बरोबर होतं त्याचं. “नाही”ने सुरू होणारी ओळख कुणाला आवडेल. शेवटी ठरलं, “नमस्ते, मैं फलाना, डायलिसिस टेक्नीशियन, आज चार घंटे आपकी मशीन मेरे जिम्मे. दवाई का सवाल हो तो बताइए, मैं डॉक्टर से पूछकर बताऊंगा.” मराठी पेशंटला मराठीत. “माझ्या जबाबदारीवर” हे त्याला स्वतःला आवडलं असावं, तो ते जरा जोरात म्हणतो.

मग काय झालं

बोर्डाचं उद्घाटन झालं, फीत, पेढे, फोटो. पंधरा दिवसांत एक टेक्नीशियन मोठ्या हॉस्पिटलात गेला आणि त्याचा हसरा फोटो तसाच राहिला, पेशंट रोज विचारायचे हे कुठे दिसत नाहीत, एका काकूंनी तर आजींच्या हारावरच्या बोलण्यासारखंच काहीतरी ऐकून घाबरून मला बाजूला घेतलं, “अगं, काही बरं-वाईट तर नाही ना झालं?” आता फोटो चिकटवलेले नाहीत, प्लास्टिकच्या खिशात सरकवलेले आहेत, काढता येतात.

तोंडी ओळख पहिल्या शिफ्टला नीट चालते, तिसऱ्या शिफ्टला घाई असली की गाळली जाते. मॅडमना अजूनही सिस्टर म्हणतात, पण आता शेजारच्या खुर्चीतला पेशंट सुधारतो, हे नवीन आहे. आणि कागद फ्रिजवर जातो. दादाच्या घरी गेले होते तेव्हा बघितला, मुंजीच्या पत्रिकेशेजारी चुंबकाने लावलेला, आणि गोळीच्या ओळीखाली पेनाने दोन रेघा.

परत करायचं असतं तर

खुलाशाचा कागद दिला नसता, हे पहिलं. विचारलं असतं, बंद खोलीत, बसवून.

मीटिंगला टेक्नीशियन आणि एखादा पेशंट सुरुवातीपासून घेतला असता, निम्मे वाद झालेच नसते. वॉर्डबॉय आणि बाई तर बोर्डावर अजूनही नाहीत, आणि पेशंटला खुर्चीत बसवतं, ब्लँकेट देतं कोण तर तेच.

अजून एक गोष्ट उशिरा कळली. पहिल्या दिवशी ओळख करून देऊन काही उपयोग नाही. पहिल्या दिवशी घरचे मशीनमधून जाणाऱ्या लाल नळ्यांकडे बघत असतात, तुम्ही पंतप्रधान म्हणून ओळख दिली तरी मान डोलावतील. आता आम्ही कागद तिसऱ्या डायलिसिसला देतो, तोवर भीती जरा बसलेली असते आणि प्रश्न सुरू झालेले असतात, आणि देताना म्हणतो, वाचून दाखवा बरं, गोळीचं कुणाला विचाराल?

परवा शुक्रवारी आजींना नवीन मुलगी होती सुई लावायला, बीएस्सी करून नुकतीच आलेली, हात जरा थरथरत होता. तिने वाक्य पाठ म्हटल्यासारखं म्हटलं, नाव, काम, चार तास माझ्या जबाबदारीवर. आजींनी विचारलं, “पहिलीच का?” ती म्हणाली, नाही, चौथी. आजींनी चष्मा काढून दादाच्या हातात दिला, तोंड दुसरीकडे वळवलं आणि हात पुढे केला. “हं, कर.”

रात्रीच्या डॉक्टरांची चौकट अजून रिकामी आहे. फोटो त्यांनी देऊन ठेवलाय, माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.